दूरचे जवळ येते का?

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेजवळ मुरुम हे गाव आहे. गावाभोवती काळी राने आहेत, आणि त्यांच्या मधेमधे उंचवट्यावर मुरमाड माळ. वर मातीचा पातळ थर, त्याखाली मुरूम आणि त्याच्याही खाली काळा पाषाण. अशा जमिनीत पीक धड येत नाही, म्हणून तिला कोणी मोलाची समजत नाही. पण चंडोल, पखुर्डी, धाविक, माळटिटवी हे पक्षी नेमके अशाच जमिनीवर राहतात.

एका चैत्रात आम्ही दोघे शिक्षक नववीच्या सात-आठ मुलांना घेऊन सकाळीच अशा एका माळावर गेलो होतो. बरोबर एक जुना, रीळ घालायचा कॅमेरा होता आणि एक त्याहून जुने रशियन बनावटीचे ५०० मिलिमीटरचे भिंग. एका मित्राच्या कपाटात ते बरीच वर्षे पडून होते. एका मुलीने ते हातात घेऊन पाहिले आणि विचारले, "सर, हे लावलं की पक्षी जवळ येतो का?" आम्ही घाईत होतो. "हो, तसंच समज," असे उत्तर देऊन मोकळे झालो.

हे उत्तर चुकीचे होते. नुसते पुस्तकी अर्थाने चुकीचे असते तर एवढे वाटले नसते. पण त्याच चुकीपायी त्या सकाळी एका पक्ष्याला त्रास झाला. तो कसा, ते पुढे येईलच. आधी भिंग काय करते ते पाहू.

प्रतिमा किती मोठी?

बहिर्गोल भिंग दूरच्या वस्तूची उलटी प्रतिमा नाभीपाशी तयार करते, हे आपण वर्गात शिकवतोच. कॅमेऱ्यात फिल्म त्याच जागी असते. वस्तू भिंगापासून पुष्कळ लांब असेल, तर प्रतिमेचा आकार अगदी सोप्या गुणाकार-भागाकाराने काढता येतो. वस्तूचा आकार गुणिले भिंगाचे नाभीय अंतर, भागिले वस्तूचे अंतर.

माळटिटवी चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे २७ सेंटिमीटर असते. ती आपल्यापासून ३० मीटरवर आहे असे समजा. नेहमीच्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचे भिंग असते. त्याने तिची प्रतिमा फिल्मवर ०.४५ मिलिमीटर लांबीची पडेल, म्हणजे जेमतेम एक ठिपका. ५०० मिलिमीटरच्या भिंगाने तीच प्रतिमा ४.५ मिलिमीटरची होते. नेहमीच्या भिंगाने एवढी प्रतिमा हवी असेल, तर पक्ष्यापासून ३ मीटरवर जावे लागेल. माळटिटवी तितकी वाट पाहणार नाही.

या हिशेबात पक्ष्याचे अंतर कुठेही बदललेले नाही. ते ३० मीटरच राहिले. बदलले ते नाभीय अंतर, आणि त्यामुळे फिल्मवरची प्रतिमा. दुसरा एक बदलही लक्षात घ्यायला हवा. फिल्मची चौकट तेवढीच, ३६ गुणिले २४ मिलिमीटरची असते. प्रतिमा दहापट मोठी झाली की त्या चौकटीत मावणारे दृश्य दहापट अरुंद होते. ५० मिलिमीटरच्या भिंगाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ४७ अंशांचे दृश्य दिसते, ५०० मिलिमीटरच्या भिंगाला फक्त ५ अंशांचे. हात लांब करून मधली तीन बोटे जुळवून धरली, तर त्यांच्या आड जेवढे झाकले जाते साधारण तेवढेच. म्हणूनच मुलांनी कॅमेऱ्याला डोळा लावला तेव्हा पहिली तक्रार आली ती "पक्षी सापडतच नाही" ही!

चष्म्याची काच घेऊन

एवढे भिंग शाळेत असायला हवे असे मुळीच नाही. जवळचे वाचायच्या चष्म्याची +२ नंबरची काच हे ५०० मिलिमीटरचेच भिंग आहे. चष्म्याचा नंबर डायॉप्टरमध्ये सांगतात, आणि १ भागिले नंबर म्हणजे मीटरमधले नाभीय अंतर. +२ ची काच ५० सेंटिमीटरची, +४ ची २५ सेंटिमीटरची, +१ ची पूर्ण एक मीटरची.

वर्गाची दारे-खिडक्या लावून घ्या, एकच खिडकी उघडी ठेवा. समोरच्या झाडाकडे काच धरून तिच्या मागे पतंगाचा पांढरा कागद पुढे-मागे सरकवा. एका जागी झाडाची उलटी, रंगीत प्रतिमा उमटेल. झाड ५ मीटर उंच आणि ५० मीटर दूर असेल, तर +४ च्या काचेने प्रतिमा अडीच सेंटिमीटरची, +२ ने ५ सेंटिमीटरची आणि +१ ने १० सेंटिमीटरची येईल. मुलांना आधी हिशेब करू द्या, मग पट्टीने मोजू द्या. नाभीय अंतर दुप्पट केले की प्रतिमा दुप्पट होते, हे सूत्र न सांगताही त्यांच्या लक्षात येते. प्रतिमा मोठी होताना अंधूकही होत जाते, हेही कोणीतरी बोलून दाखवते. तेवढाच प्रकाश मोठ्या जागेवर पसरतो, त्याला इलाज नाही.

पौर्णिमेच्या रात्री हाच प्रयोग चंद्रावर करता येतो. +२ च्या काचेने चंद्राची प्रतिमा साडेचार मिलिमीटरची पडते. चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर आहे एवढे सांगितले, तर मुले वरच्याच सूत्राने त्याचा व्यास काढू शकतात. उत्तर साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास येते आणि खरा व्यास ३,४७६ किलोमीटर आहे. माळटिटवीला आणि चंद्राला एकच हिशेब लागू पडतो याचे मुलांना फार नवल वाटते.

एक सूचना मात्र कडकपणे पाळायला हवी. कोणतेही भिंग सूर्याकडे रोखायचे नाही आणि भिंगातून सूर्याकडे कधीही पाहायचे नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.

अर्धा मीटर, वीतभर नळीत

+२ ची काच कॅमेऱ्याला लावायची तर अर्धा मीटर लांबीची नळी लागेल. पूर्वी अशी लांबलचक भिंगे वापरतही असत. १८९१ साली इंग्लंडमध्ये थॉमस डॅलमेयर आणि जर्मनीत अडॉल्फ मीथे यांनी स्वतंत्रपणे एक युक्ती काढली. पुढे बहिर्गोल भिंग आणि त्याच्या मागे काही अंतरावर अंतर्गोल भिंग. पुढच्या भिंगाने एकत्र येऊ लागलेले किरण मागचे भिंग थोडे कमी वाकवते. त्यामुळे प्रतिमा लांब नाभीय अंतराच्या भिंगाइतकी मोठी पडते, पण नळी आखूड राहते. खरे 'टेलिफोटो' भिंग ते हेच. आपण सरसकट सगळ्याच लांब भिंगांना टेलिफोटो म्हणतो, तो भाग वेगळा.

आमच्याजवळचे भिंग याहून निराळे होते. त्याचे नाभीय अंतर अर्धा मीटर, पण नळी वीतभर आणि चांगली जाडजूड. पुढून पाहिले की काचेच्या मध्यभागी एक काळी टिकली दिसे. मुलांना ते बिघडलेले वाटले. खरे तर त्याचे मुख्य काम आरसे करतात. पुढच्या वक्र काचेतून आत आलेला प्रकाश मागच्या अंतर्गोल आरशावर पडतो, तिथून परत पुढे येऊन टिकलीच्या पाठीमागच्या छोट्या आरशावर आदळतो आणि मोठ्या आरशाच्या मध्यावरच्या भोकातून फिल्मवर जातो. प्रकाशाची वाट अशी घडी घालून ठेवल्यामुळे नळी छोटी होते. शिवाय आरसा सगळ्या रंगांना सारखेच परावर्तित करतो. लोलकातून जसे रंग वेगळे होतात तसे साध्या भिंगात थोडेफार होतात आणि कडांना रंगाची झालर येते. आरशात हा दोष नाही.

ही रचना दिमित्री मॅक्सुतोव्ह या रशियन शास्त्रज्ञाची, १९४१ सालची. तिची जन्मकथा शिक्षकांनी मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. महायुद्ध सुरू होते आणि मॅक्सुतोव्ह यांना लेनिनग्राडहून आगगाडीने पूर्वेकडे हलवले जात होते. त्या प्रवासात त्यांच्या डोक्यात विषय होता शाळांसाठी स्वस्त आणि टिकाऊ दुर्बीण कशी करता येईल हा! दुर्बिणीच्या उघड्या नळीत धूळ जाते आणि मुलांच्या हाताळण्यात आरसा खराब होतो. म्हणून नळीच्या तोंडाला काच बसवावी असे त्यांना वाटले. मग पुढचा विचार असा की काच बसवायचीच, तर तिच्याकडून कामही का करून घेऊ नये? गोलाचा तुकडा असलेला आरसा घडवायला सोपा, पण त्याच्या कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत मिळत नाहीत. पुढची काच सपाट न ठेवता ठरावीक वाकाची, जाड वाटीसारखी केली, तर ती नेमकी उलट चूक करते आणि दोन्ही चुका एकमेकींना खोडून काढतात. नेदरलँड्समध्ये बाउअर्स यांनाही त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशीच कल्पना सुचली होती. मॅक्सुतोव्ह यांच्या रचनेवरून पुढे रशियात कॅमेऱ्याची ५०० आणि १००० मिलिमीटरची भिंगे निघाली. थोडक्यात, शाळेसाठी योजलेली वस्तू फिरत-फिरत आमच्या शाळेपर्यंत आली होती.

काय काय मोठे होते?

रीळ धुऊन आले तेव्हा ३६ पैकी बहुतेक फोटो पुसट होते. मुले हिरमुसली. पण शिकण्यासारखे सगळे त्या पुसट फोटोंतच होते.

पहिले कारण हाताची थरथर. हात एका अंशाच्या साठाव्या भागाइतका जरी हलला, तरी ५०० मिलिमीटरच्या भिंगात प्रतिमा सुमारे ०.१५ मिलिमीटर सरकते. माळटिटवीचा डोळा अर्धा सेंटिमीटरचा धरला, तर ३० मीटरवरून त्याची प्रतिमा ०.०८ मिलिमीटरची पडते. म्हणजे प्रतिमेची थरथर डोळ्यापेक्षा मोठी, मग डोळा दिसणार कसा? छायाचित्रकारांचा एक ढोबळ नियम आहे की ५०० मिलिमीटरचे भिंग हातात धरून वापरायचे, तर झडप १/५०० सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडी राहू नये. पण आमच्या भिंगाचे तोंड नाभीय अंतराच्या आठव्या भागाएवढे, म्हणजे साधारण सहा सेंटिमीटरचे, आणि ते लहान-मोठे करता येत नाही. १०० वेगाच्या फिल्मवर स्वच्छ उन्हात त्याला १/४०० सेकंद लागतो, आणि कोवळ्या उन्हात १/६० सेकंदसुद्धा लागू शकतो. दुसऱ्या खेपेला एका मुलाने घरून दोन किलो तूर भरलेली पिशवी आणली. दगडावर पिशवी आणि पिशवीवर भिंग दाबून ठेवले. कोणत्याही तिपाईला हार जाणार नाही असे ते काम झाले.

दुसरे कारण हवा. सकाळी अकराच्या सुमारास काढलेल्या फोटोंत तूर काय, लोखंडी तिपाईही उपयोगी पडली नसती. तापलेल्या मुरमाड जमिनीलगतची हवा गरम आणि विरळ होते, तिचा अपवर्तनांक कमी होतो. गरम-थंड हवेचे लहान-मोठे पुंजके सारखे वर-खाली होत असतात आणि त्यांतून येणारा प्रकाश क्षणोक्षणी थोडा-थोडा वाकतो. रस्त्यावर मृगजळ दिसते ते याच कारणाने. भिंग पक्ष्याला मोठे करते तसे या हवेच्या हेलकाव्यालाही मोठे करते. आपण पक्ष्याचा फोटो काढतो असे म्हणतो, पण तो पक्षी आणि मधली सगळी हवा यांचा फोटो असतो. त्यावर उपाय एकच, उन्हे चढण्यापूर्वी जाणे.

तिसरे कारण खोली. ५० मिलिमीटरच्या भिंगाची याच तोंडाच्या प्रमाणात १० मीटरवर जुळणी केली, तर सुमारे ५ मीटरपासून पार लांबपर्यंतचे सगळे बऱ्यापैकी स्पष्ट येते. ५०० मिलिमीटरच्या भिंगाची १० मीटरवर जुळणी केली, तर जेमतेम वीतभर पट्टाच स्पष्ट राहतो. जुळणी किंचित चुकली की पक्ष्याऐवजी त्याच्या पुढचे गवत स्पष्ट येते. त्या फोटोंत मागच्या वाळक्या कुसळांवरच्या चमकत्या ठिपक्यांच्या जागी बारीक बांगड्या उमटल्या होत्या. मुले त्यांना जिलब्या म्हणू लागली. भिंगाच्या मधल्या टिकलीने प्रकाश अडवलेला असतो, म्हणून विस्फारलेला ठिपका भरीव वर्तुळ न होता कडे होतो.

माळटिटवी उठली

आता त्या सकाळची गोष्ट. ३० मीटरवर एक माळटिटवी जमिनीलगत बसलेली दिसली. कॅमेऱ्यातून ती छान दिसत होती, पण चौकटीच्या मानाने लहान. ३६ मिलिमीटरच्या चौकटीत साडेचार मिलिमीटर म्हणजे आठवा हिस्सा. "अजून थोडं पुढं गेलो तर?" कोणीतरी म्हणाले, आणि आम्ही गेलो. मग आणखी थोडे. १२ मीटरवर पोचलो तेव्हा प्रतिमा ११ मिलिमीटरची झाली होती आणि आम्ही खूश होतो. तेवढ्यात ती उठली, ओरडत थोडी दूर गेली आणि पुन्हा-पुन्हा धावत येऊ लागली.

ती बसली होती ती उगाच नव्हे. खड्यांमध्ये खड्यांच्याच रंगाची चार अंडी होती. वेळ साडेनवाची, चैत्राचे ऊन. माळटिटवी अशा दिवसांत अंडी उबवण्यापेक्षा ती तापू नयेत म्हणून त्यांच्यावर सावली धरते, पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून त्यांना गारवा देते. ती उठली की अंडी उघड्या उन्हात पडतात. आम्ही कॅमेरा उचलून मुकाट्याने मागे फिरलो. लांब जाऊन पाहिले तर काही मिनिटांनी ती परत येऊन बसली. तेवढ्यावर निभावले.

परतताना ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तीच म्हणाली, "सर, पक्षी जवळ येत नाही. आपणच जवळ जातो." आमचे सकाळचे उत्तर तिनेच दुरुस्त केले. भिंग प्रतिमा मोठी करते, अंतर कमी करत नाही. ते अंतर तसेच राहू देते, हाच त्याचा खरा उपयोग. पण "जवळ आणते" असे मनात बसले, की अजून जवळ जाण्याची ओढ लागते आणि जो फायदा होता तोच आपण घालवून बसतो.

नान्नजचा माळ

माळटिटवी चार अंडी घालते आणि ती आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. मुरुमपासून सरळ रेषेत साधारण ६५ किलोमीटरवर, सोलापूरजवळ नान्नजचा माळ आहे. जमीन अशीच, पण तिथली गोष्ट फार वेगळी आहे. माळढोकसाठी तो प्रसिद्ध. सुमारे एक मीटर उंचीचा आणि मोठा नर बारा-पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. १९७० च्या दशकात बी. एस. कुलकर्णी यांनी तिथल्या माळढोकांकडे लक्ष वेधले आणि १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. मूळचे सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र पुढे कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले.

२०११ साली माळढोकची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. आज जगात दीडशेही माळढोक उरलेले नाहीत असे मानतात, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजला आता एखादा दिसला तरी त्याची बातमी होते. माळ नांगरले गेले, शिकार झाली, आणि अलीकडे विजेच्या तारा आल्या. माळढोकला उडताना नाकासमोरचे नीट दिसत नाही, आणि शरीर जड असल्याने ऐन वेळी वळता येत नाही. तो तारांवर आदळतो.

या कारणांपुढे छायाचित्रकाराचा दोष लहान आहे, हे खरे. तरी हिशेब करून पाहू. २०० मीटरवरच्या माळढोकची ५०० मिलिमीटरच्या भिंगाने पडणारी प्रतिमा अडीच मिलिमीटरची असते. आमच्या माळटिटवीएवढी, ११ मिलिमीटरची हवी असेल, तर ४५ मीटरवर जावे लागेल. मादी अंड्यावर असेल तर ती उठणार. जिथे अंडे एकच आणि पक्षी मोजके, तिथे एकदा उठणेही महाग पडते. वन्य जीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत माळढोक आहे. पण कायद्याच्या आधी हा साधा भागाकार मुलांना यायला हवा.

वर्गात एवढे करता येईल

मुलांना वर्तमानपत्रांतले पक्ष्यांचे, मोर्च्यांचे, रस्त्यांचे फोटो जमवायला सांगा. लांब भिंगाने काढलेल्या फोटोंत मागचे-पुढचे खांब एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, गर्दी दाटल्यासारखी वाटते. ही भिंगाची करामत नाही. लांब उभे राहून पाहिले की जवळच्या आणि दूरच्या वस्तूंच्या आकारांतला फरक कमी होतो, एवढेच. नेहमीच्या भिंगाने त्याच जागेवरून काढलेल्या फोटोचा मधला तुकडा मोठा केला तरी तसेच दिसेल. साध्या मोबाइलमधला झूम बहुतेक वेळा तेवढेच करतो. मग विचारा की तारेला टेकल्यासारखा दिसणारा पक्षी खरोखर तारेजवळ होता का? फोटो काढणारा कुठे उभा असेल? त्याला फोटो काढू देताना पक्षी काय करत होता?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पक्ष्याने चरणे थांबवून मान उंच केली, की आपले अंतर संपले असे समजावे. यासाठी मोजपट्टी लागत नाही. ती मोजपट्टी पक्ष्याजवळच असते. घरट्याचे आणि अंड्यांचे फोटो तर काढूच नयेत. आम्ही त्या दिवशीच्या रिळातले दोनच फोटो वर्गात लावले आहेत. एक तीस मीटरवरचा, माळटिटवी शांत बसलेली, लहानशी. दुसरा बारा मीटरवरचा, ती उठून उभी राहिलेली, मोठी आणि स्पष्ट. कोणता फोटो चांगला, असे आम्ही दर वर्षी नव्या मुलांना विचारतो. सुरुवातीला सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतात. अंड्यांची गोष्ट सांगितल्यावर मात्र वाद सुरू होतो, आणि तो आम्ही मिटवत नाही.